फळीसिंधु : अर्थात वारा व लाट पाहून शिडाची फळी कोठे टाकावी याचा निर्णय

ग्रंथारंभ

एकादशी दोन दिवसांवर पसरली तर उपास कोणत्या दिवशी धरायचा, या प्रश्नावर आपल्याकडे ग्रंथच्या ग्रंथ झाले. कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ १६१२ सालचा, काशिनाथशास्त्री उपाध्यायांचा ‘धर्मसिंधु’ १७९० सालचा. यांपैकी काशिनाथशास्त्र्यांचे घराणे संगमेश्वराजवळच्या गोळवलीचे, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातले. दोन गोष्टी एका वेळी जुळून येत नसतील तेव्हा माणसाने काय करावे, हे सांगण्याचा अधिकार या जिल्ह्याकडे सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ आहे. आम्ही तो फक्त ओसरीवरून उचलून पाण्यात नेत आहोत.

शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हे चार अनुबंध सांगावे लागतात. ते सांगून टाकू.

विषय असा. माणसाला उभे राहता येईल एवढी फळी, तिच्यावर बुडाशी वाटेल त्या दिशेला कलणारी डोलकाठी, काठीला शीड आणि शीड पेलायला माणसाचे दोन हात. सुकाणू नाही. वळायचे तर शीड पुढे-मागे कलवायचे, नाहीतर फळीच्या कडेवर पायाने भार द्यायचा. या प्रकाराला विंडसर्फिंग म्हणतात. अमेरिकेत न्यूमन डार्बी यांनी १९६०च्या दशकात अशी शिडाची फळी केली. हॉइल श्वाइट्झर आणि जिम ड्रेक यांनी १९६८ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९७० साली ते मिळवले. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये या खेळाला जागा मिळाली. या खेळाचा एक उपपंथ आहे. तो सपाट पाण्यावर समाधान मानत नाही. फुटणाऱ्या लाटेवर शिडासकट चढतो, तिच्या उतारावरून घसरतो आणि कधी तिच्या माथ्यावरून हवेत उडतो. हा उपपंथच आमचा विषय, कारण सपाट पाण्याला नुसता वारा पुरतो. या पंथाला वारा आणि लाट दोन्ही लागतात, तीही एका जागी, एका वेळी आणि एकमेकांशी बरा कोन धरून.

प्रयोजन काहीही नाही. माणूस किनाऱ्यावरून निघतो आणि दैव अनुकूल असल्यास त्याच किनाऱ्याला परत लागतो. मासळी मिळत नाही, माल उतरत नाही, पलीकडे कोणी ओळखीचे भेटत नाही. रत्नागिरीहून नाकासमोर पश्चिमेला गेल्यास पहिली जमीन ओमानची. अक्षांश सरळ धरला तर सलालाह शहर, अंतर सुमारे दोन हजार किलोमीटर.

संबंध एवढाच की ग्रंथ कोरडा आणि विषय ओला. अधिकारी तो, ज्याला पोहता येते, पंचांग वाचता येते आणि काठावरून आलेल्या प्रश्नांना उत्तर न देता पुढे जाता येते. तिसरा गुण दुर्मिळ.

वायुप्रकरण

खारे वारे आणि मतलई वारे यांतला फरक सांगा, हा प्रश्न महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या प्रत्येकाने सोडवला आणि परीक्षा संपताच टाकून दिला. रत्नागिरीत तो टाकून चालत नाही. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची हवा आत येते, हे खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते आणि गाडे उलटे फिरते, हे मतलई. पुस्तकात हे वारे किनाऱ्याला काटकोनात बाणांनी दाखवलेले असतात. प्रत्यक्षात फेब्रुवारी ते मे या काळात आपल्या किनाऱ्यावर दुपारचा वारा वायव्येकडून, म्हणजे तिरका येतो. पुस्तकातला बाण आणि खरा वारा यांतला हा तिरकेपणा पुढच्या सर्व वादांचे मूळ आहे.

सकाळी मतलई वाऱ्याची शेवटची झुळूक असते. शिडाच्या फळीला तिचा उपयोग एकच, सलालाहच्या दिशेने. म्हणून जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यावर भरवसा ठेवून कोणी निघू नये. जाताना तो मदत करतो आणि येताना ओळख दाखवत नाही. खरा वारा जेवणानंतर उठतो, दुपार कलता कलता भरात येतो आणि सूर्यास्ताबरोबर गळतो. कोकणातली वामकुक्षीची वेळ आणि वारा चढण्याची वेळ एकच आहे. हा योगायोग नव्हे, पूर्वजांनी पूर्ण विचारांती काढलेला निष्कर्ष आहे, असे आमचे मत.

आता मोजमाप. नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. वाऱ्याचा शिडावरचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून १० नॉटचे २० झाले की जोर चौपट. लाटेवरच्या पंथाची शिडे साधारण साडेतीन ते साडेपाच चौरस मीटरची. ती नीट भरायला १८ ते २५ नॉट वारा लागतो. आपला उन्हाळी दुपारचा वारा पुष्कळदा १० ते १४ नॉटवर समाधान मानतो. म्हणजे शीड थोरले घ्यावे लागते, आणि थोरले शीड फुटत्या लाटेत सापडले की काठी कुठे वाकेल याचा नेम नाही.

फ्रान्सिस ब्यूफोर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ साली वाऱ्याच्या बळाची श्रेणी लिहिली. त्या काळच्या युद्धनौकेने किती शिडे उभारावीत हा तिचा आधार होता. १९०६ साली जॉर्ज सिम्पसन यांनी तिला जमिनीवरच्या खुणा जोडल्या. त्या खुणा इंग्लंडातल्या झाडांच्या, म्हणून आम्ही येथे रत्नागिरी पाठ देत आहोत.

बल २, म्हणजे ४ ते ६ नॉट : माडाच्या झावळीची नुसती टोके हलतात, मांडवीच्या जेटीवर बसलेले गृहस्थ ‘आज जरा बरा वारा आहे’ म्हणतात. फळीवाल्याने घरी राहावे. बल ३, ७ ते १० नॉट : दोरीवरचा पंचा आडवा होऊ पाहतो. फळीवाला घरातून निघतो. हे घाईचे लक्षण. बल ४, ११ ते १६ नॉट : पाण्यावर जागोजाग पांढरे फेस दिसू लागतात, भेळेतले कुरमुरे कागद सोडतात. थोरल्या शिडाने फळी पाणी कापायचे सोडून पाण्यावरून घसरू लागते. बल ५, १७ ते २१ नॉट : भेळवाला गाडीची पाठ समुद्राकडे करतो. पंथाचा शुभारंभ. बल ६, २२ ते २७ नॉट : छत्री आवरत नाही. हा उत्तम मुहूर्त. बल ७ पासून घरातली सगळी माणसे कौलांकडे बघू लागतात; तेथे आमचा ग्रंथ संपतो आणि हवामान खात्याचा सुरू होतो.

पावसाळ्यात, जून ते ऑगस्ट, वाऱ्याची ददात नसते. पण तो पश्चिम-नैर्ऋत्येकडून थेट अंगावर येतो, आणि त्याच्याबरोबर येणाऱ्या लाटा तीन-चार मीटरांच्या गोष्टी बोलतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीही बंद असते. ज्या समुद्रात तांडेल इंजिन घेऊन उतरत नाही, तिथे चड्डी आणि शीड घेऊन उतरणाऱ्याचे वर्गीकरण या ग्रंथाच्या कक्षेबाहेरचे आहे.

तरंगप्रकरण

लाट दोन जातींची. पहिली त्याच दुपारच्या वाऱ्याने, समोरच्याच पाण्यात उठवलेली. तिचा आवर्तनकाल, म्हणजे एका माथ्यानंतर दुसरा माथा यायला लागणारा वेळ, चार-पाच सेकंद. ती चिडचिडी, तुटक आणि कुठेही फुटणारी. दुसरी दूरच्या वादळात जन्मलेली; तिला स्वेल म्हणतात. तिचा आवर्तनकाल १२ ते १६ सेकंदांचा, कधी त्याहून जास्त. ती सुखवस्तू घराण्यातली असून रांगेने येते.

यांतला भेद गणिताने दाखवता येतो. खोल पाण्यातल्या लाटेची लांबी मीटरमध्ये हवी असेल तर आवर्तनकालाच्या वर्गाला १.५६ ने गुणावे. पाच सेकंदांची लाट ३९ मीटर लांब. चौदा सेकंदांची सुमारे ३०६ मीटर. पाण्याची खोली लांबीच्या निम्म्याहून कमी झाली की लाटेला तळ जाणवतो. दुपारच्या लाटेला २० मीटर पाण्यात येईपर्यंत तळाची दादफिर्याद नसते. स्वेलला दीडशे मीटर खोलीपासूनच तळ कळतो, म्हणून ती वाटेत वळत वळत, किनाऱ्याला जवळजवळ समांतर होऊन पोहोचते. शेवटी लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या पाऊणपटीच्या आसपास गेली की ती फुटते. मीटरभर लाट सव्वा मीटरभर पाण्यात फुटते, म्हणजे फुटत्या लाटेखाली पडलेल्या माणसाचे पाय साधारण टेकतात. हा हिशेब पडण्यापूर्वी करावा; पडल्यावर वेळ मिळत नाही.

रत्नागिरीला येणारी उन्हाळी स्वेल फार लांबची. दक्षिण हिंदी महासागरात, चाळीस अंश दक्षिण अक्षांशाच्या खाली, वाऱ्यांना अडवायला जमीन जवळजवळ नाहीच. तिथल्या वादळाने उठवलेल्या चौदा सेकंदांच्या लाटांचा जथा ताशी सुमारे ३९ किलोमीटरने, म्हणजे घाटातल्या एसटीच्या वेगाने, उत्तरेला निघतो. अंतर सहा हजार किलोमीटरांहून अधिक. भाट्याला पोहोचायला आठवडा जातो. लाटा इतका प्रवास करतात यावर विश्वास बसत नसेल तर वॉल्टर मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे १९६३ सालचे काम आठवावे. त्यांनी दक्षिण गोलार्धातल्या वादळांच्या लाटांचा माग पॅसिफिक ओलांडून थेट अलास्कापर्यंत काढला होता.

हिवाळ्यात आणखी एक पाहुणी येते. आखाती प्रदेशात शमाल नावाचा वायव्येचा वारा सुटतो. त्याच्या लाटा अरबी समुद्र ओलांडून आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागतात, हे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०११ साली मांडले. या लाटा वायव्येकडून येतात आणि त्यांचा आवर्तनकाल सहा ते आठ सेकंदांचा असतो. आपण आखाताला हापूस पाठवतो आणि आखात आपल्याला लाटा. लाटा थंडीत येतात, हापूस एप्रिलात जातो. तेव्हा व्यवहार आगाऊ रकमेचा आहे.

भरतीचा विचार राहिला. त्यासाठी कोकणात यंत्र लागत नाही. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ निघते : अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाच्या भरतीला लाट बंधाऱ्यावर आपटते, ओहोटीला तीच लाट लांब उथळात जाऊन मोडते. म्हणजे जागा निवडली असे म्हणताना तिथी निवडायची राहिली असेल तर काहीच निवडलेले नाही.

पूर्वपक्ष

या विषयात तीन मते आहेत.

पहिले वायुवादी. त्यांच्या मते वारा हेच मुख्य द्रव्य, लाट गौण. वारा असला की लाट आपोआप उठते. दोष असा की आपोआप उठणारी ती पहिल्या जातीची, चार सेकंदांची. तिच्यावर चढणाऱ्याची पाठ दुखते आणि ओळख वाढत नाही.

दुसरे तरंगवादी. ते म्हणतात, स्वेल पाहा आणि पहाटे या. पाणी काचेसारखे आणि लाट कापून ठेवल्यासारखी. खरे आहे. पण त्या वेळी वारा मतलई, त्यात शीड म्हणजे भिजलेले धोतर. तरंगवाद्यांनी शीड घरी ठेवून नुसती फळी आणावी. तो वेगळा पंथ आहे आणि त्याचे ग्रंथ वेगळे.

तिसरे समन्वयवादी. ते दुपारी चार वाजता दोन्ही मिळतात असे मानतात. मिळतात, पण कसे ते पाहा. भाट्याच्या वाळूवर समुद्राकडे तोंड करून उभे राहावे. वारा उजव्या खांद्याकडून, वायव्येतून येतो. दक्षिणेची स्वेल डाव्या अंगाने, नैर्ऋत्येतून येते. सरळ वाळूच्या किनाऱ्यावर अशी लाट डावीकडून फुटायला लागून उजवीकडे सरकते. फळीवाल्याला नेहमी लाटेच्या न फुटलेल्या भागाकडे पळायचे असते. तो भाग उजवीकडे, म्हणजे नेमका वाऱ्याच्या तोंडाशी. आणि वारा त्याला डावीकडे, फुटलेल्या फेसात ढकलतो. दोन्ही आले खरे, पण एकमेकांकडे पाठ करून.

वारा एका दिवशी आणि लाट दुसऱ्या दिवशी आली तर कोणता दिवस ग्राह्य धरावा? आमचा निर्णय असा : ज्यांना लवकर थकायचे आहे त्यांनी वाऱ्याचा दिवस धरावा; ज्यांना बसून बोलायचे आहे त्यांनी लाटेचा. दोन्ही दिवस धरणाऱ्यास दोष नाही, मात्र कार्यालयातल्या वरिष्ठांस पूर्वसूचना आवश्यक.

समन्वय होतो तो हिवाळ्याच्या शेवटी. शमालची लाट वायव्येची, दुपारचा वाराही त्याच अंगाचा. लाट उजवीकडून फुटत डावीकडे सरकते, वारा डावीकडेच नेतो. आवर्तनकाल आखूड, उंची बेताची, वारा थोडा कमी. पण दिशा जुळतात. लहान लाट, मोठे शीड आणि बरोबर कोन, एवढ्यावर रत्नागिरीचे विंडसर्फिंग उभे राहू शकते. याहून मोठी मागणी करणाऱ्याने हवाईतल्या माउई बेटावर, हूकिपाला जावे, जिथे व्यापारी वारे आणि हिवाळी स्वेल एका वेळी कामावर येतात. भाड्याचा विचार करता आमचा आग्रह रत्नागिरीचाच.

स्थाननिर्णय

मांडवी. काळी वाळू, इल्मेनाइटची. म्हणून हा काळा समुद्र. जेटी, भेळ, संध्याकाळची गर्दी आणि उजवीकडे तिन्ही बाजूंनी समुद्राने वेढलेला रत्नदुर्ग. वायव्येचा वारा किल्ल्याच्या टेकडीला अडतो आणि तिच्या मागे गटांगळ्या खातो. डोंगराच्या आडोशाची सावली त्याच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत तरी धरावी असा ठोकताळा आहे. त्या सावलीत शीड एकदा पडते, एकदा हिसका देते आणि दोन्ही वेळा प्रेक्षक असतात. प्रेक्षकसंख्येच्या दृष्टीने उत्तम, वाऱ्याच्या दृष्टीने कनिष्ठ.

भाट्ये. काजळी नदीच्या मुखापासून दक्षिणेला पसरलेली सरळ पुळण, मागे सुरूची झाडे आणि १९५५ पासूनचे नारळ संशोधन केंद्र. तळाचा उतार सौम्य, म्हणून लाट दूर फुटते आणि हळूहळू मोडत येते. शिकणाऱ्याला यापेक्षा दयाळू समुद्र मिळणार नाही. खाडीच्या तोंडाशी मात्र जाऊ नये. ओहोटीला नदी बाहेर येते, लाटा आत येतात, मासेमारी नौका दोन्हीकडून येतात, आणि रस्त्याचे नियम यांपैकी फक्त नौकांना ठाऊक असतात.

पांढरा समुद्र आणि मिऱ्या. रत्नदुर्गाच्या उत्तरेची ही बाजू वायव्येला उघडी. तत्त्वतः सर्वोत्तम, शमालची लाट आणि दुपारचा वारा दोन्ही सरळ येतात. अडचण एवढीच की तत्त्वाशी समुद्रही सहमत आहे. तो मिऱ्याचा किनारा वर्षानुवर्षे खातो आहे, म्हणून तिथे धूपप्रतिबंधक बंधारा आहे. वाळू कमी आणि काँक्रीट जास्त असलेल्या जागी उतरणाऱ्याने परत वर कसे यायचे ते आधी ठरवावे. ही जागा वारा आणि लाट यांनी मिळून निवडली आहे, याला पुरावा आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात ‘बसरा स्टार’ नावाचे जहाज वाहत येऊन मिऱ्याच्या बंधाऱ्याला लागले. खलाशी वाचले, जहाज पुढे वर्षानुवर्षे तिथेच राहिले. स्वतःचे मत नसलेली वस्तू शेवटी कोणत्या जागी येते, याचा एवढ्या मोठ्या आकाराचा प्रयोग दुसऱ्या किनाऱ्याला सहसा परवडत नाही.

आरे-वारे. डोंगराच्या कडेने जाणारा रस्ता आणि खाली दोन पुळणी. वरून लाटांच्या रांगा, फेसाच्या पट्ट्या, वाऱ्याच्या झुळकांनी पाण्यावर उमटणारे काळसर डाग, सगळे नकाशासारखे दिसते. जागा पाहण्यासाठी याहून चांगली जागा नाही, त्यामुळे पुष्कळ अभ्यासक वरूनच परत जातात.

गणपतीपुळे. येथे ओढ आहे. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी एखाद्या वाटेने जोरात परत जाते, आणि त्या वाटेवर लाट फुटत नसल्यामुळे पोहणाऱ्याला तीच जागा शांत वाटते. त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे न झगडता आडवे पोहून वाटेबाहेर पडावे. फळीवाला हीच ओढ बाहेर जायला वापरतो. परंतु भाविकांच्या गर्दीतून शीड नेणे शास्त्रसंमत नाही, आणि डोलकाठीच्या उंचीचा विचार करता सुरक्षितही नाही.

सिद्धान्त

वरील सर्व पाहता एक गोष्ट लक्षात येते. रत्नागिरी जिल्ह्यात वारा आणि लाट पाहून जागा निवडण्याचे काम शेकडो वर्षे चालू आहे आणि ते अतिशय काळजीने झालेले आहे. फक्त उलट हेतूने.

बाणकोट सावित्रीच्या मुखाशी. दाभोळ वाशिष्ठीच्या. जयगड शास्त्री नदीच्या. रत्नागिरी काजळीच्या. पूर्णगड मुचकुंदीच्या. खाडी आत घुसते, टेकडी वारा अडवते, वाळूचा दांडा लाट मोडतो. तिथे गलबत बांधले, तिथे जकात घेतली, तिथे किल्ला उभा केला. मुंबईची आगबोट सुद्धा पावसाळ्यात बंद असे, आणि उरलेल्या आठ महिन्यांत माणसे उतरवायला आडोसा शोधी. मिरकरवाड्याच्या नौका आजही किल्ल्याच्या पाठीशी उभ्या असतात. म्हणजे कोकणच्या नकाशावर जेथे जेथे नाव ठळक अक्षरात छापले आहे, तेथे तेथे कोणीतरी वारा आणि लाट नाहीत याची खात्री करून घेतली आहे.

यावरून आमचा सिद्धान्त, ज्यास आम्ही अबंदर-न्याय म्हणतो : शिडाच्या फळीची जागा शोधणाऱ्याने बंदरांचा जुना नकाशा घ्यावा, सगळी बंदरे खोडावीत आणि जे उरेल ते वाचावे. दोन खाड्यांच्या मधला, ज्याला बंदर झाले नाही, ज्यावर कोणी जकात बसवली नाही, जिथे गलबताला ‘इथे नको’ म्हटले गेले, तो किनारा आपला. आरे-वारे या न्यायाने येते. मिऱ्याची पश्चिम बाजू येते. मांडवी गळते, तिचे नावच मुळी जकातीच्या मांडवाशी नाते सांगते, मग वारा कोठून असणार.

पूर्वजांनी टाकून दिलेल्या जागांची यादी कुठे लिहून ठेवलेली नाही. पण ती माणसांच्या तोंडी आहे, म्हणून पुढचे प्रकरण.

आप्तवाक्यप्रकरण

प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द ही तीन प्रमाणे. प्रत्यक्ष म्हणजे किनाऱ्यावर जाऊन बघणे. अनुमान म्हणजे हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेने दिलेला लाटांचा अंदाज : उंची, दिशा, आवर्तनकाल, उंच लाटांचा इशारा तिथूनच निघतो आणि तो निघाला असेल तर पुढचे वाचू नये. शब्द म्हणजे आप्तवाक्य. किनाऱ्यावर बसलेल्या काकांचे बोलणे. तिन्हींत शेवटचे सर्वात सूक्ष्म.

काकांनी वारा आणि लाट एका प्रश्नासाठी वाचलेली असते : होडी सुखरूप लागेल का? म्हणून त्यांचे उत्तर फळीवाल्याने उलटे वाचावे. संवादाची संहिता साधारण अशी.

‘काय हो, कुठे निघालात?’

‘समुद्रात.’

‘समुद्रात जाऊन काय करणार?’

‘परत येणार.’

‘मग जाताय कशाला?’

या प्रश्नाला जगातल्या कोणत्याही विंडसर्फिंग संघटनेने समाधानकारक उत्तर दिलेले नाही.

निर्देशांक असा मांडता येतो. काका वर बघतच नसतील तर वारा नाही, शीड उघडू नये. काका ‘आज पाणी छान आहे हो, उतरा की’ म्हणाले तर सपाट; पोहायला उत्तम. ‘कालच्यापेक्षा जरा आहे’ हे बल ४. ‘होडी घालायची नाही आज कुणी’ हे बल ५ आणि छातीइतकी लाट. येथे शीड बांधावे. ‘मरायचंय काय तुम्हाला?’ हा उत्तम योग, वर्षातून फार क्वचित जुळणारा. आणि काका काही न बोलता उठून घराकडे चालू लागले, तर त्यांच्या मागोमाग जावे. मौन हे सर्व प्रमाणांत बलवान.

फलश्रुती

हा ग्रंथ जो नीट वाचील, त्याला वाऱ्याचे आठ आणि लाटेचे चार दोष तोंडपाठ होतील. सकाळ मतलई म्हणून, दुपार कोन चुकला म्हणून, उधाण बंधाऱ्यामुळे, भांग उथळामुळे, पावसाळा पावसाळ्यामुळे आणि एप्रिल-मे आंब्यामुळे त्याला त्याज्य वाटेल. फेब्रुवारीतल्या ज्या दुपारी वायव्येचा वारा आणि वायव्येची लाट मिऱ्याला एकत्र येतील, त्या दुपारी तो तिथी पुन्हा एकदा पाऊणने गुणून बघत असेल. त्याच वेळी हा ग्रंथ कधीही न वाचलेला एखादा पोरगा, काका ओरडत असताना, पाण्यात उतरलेला असेल. त्याला आमची हरकत नाही, कारण तो आमच्या अधिकाऱ्यांत मोडत नाही.

अभ्यासकाला मात्र वेगळे फळ आहे. त्याचे शीड शेवटपर्यंत कडक राहते, काठी सरळ राहते, फळीवर एक ओरखडा उठत नाही. आणि पुढे कधी ती विकायला काढलीच, तर जाहिरातीत ‘पाण्यात न घातलेली’ असे तो संपूर्ण सत्य लिहू शकतो.